कॅमेऱ्याबाहेरची वाट

२ एप्रिल
सकाळी वाघाच्या कॅमेऱ्याची (कॅ.) काच पुसली. कोळ्याने पुन्हा जाळे केले होते. जाळे हलले तरी भोंगा वाजतो आणि गाव काठ्या घेऊन बाहेर येते, म्हणून रोज पाहतो. कॅ.चा खांब मोहफुले वेचायला जायच्या वाटेवर आहे. वाघ दिसला की भोंगा वाजतो, फोटो आमच्या व्हॉट्सॲप ग्रु.वर येतो (बाकीचे चित्रणही ग्रु.मधल्या कोणालाही उघडता येते), आणि खाली सूचना मी लिहितो, कारण माझे शुद्धलेखन बरे आहे. बारावी राहिली, शिक्षणातले एवढेच उरले.

कॅ. बसवायला आलेले वनखात्याचे साहेब म्हणाले होते, गावाभोवती आता आभासी भिंत झाली. वहिनी तेव्हाच म्हणाली, "भिंत म्हंजे आडोसा असते भाऊजी. हे तं उलटी आपल्यालेच पाहून राह्यली." सगळ्या बाया हसल्या. मीही हसलो.

४ एप्रिल
भद्रावती. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात, कामावर, एक फोन उघडून बसलो होतो. बाकावर दोन पोरं व्हिडिओ पाहून खिदळत होती. एकाने मलाही दाखवला.
आमची वाट. आमचे मोह. नुकते फटफटलेले. एक बाई एका हातात टोपली, एका हातात पाण्याचा डबा घेऊन येते, टोपली ठेवते, इकडेतिकडे बघते, झुडपामागे…
वर गाणे लावलेले. खाली लिहिलेले, "आमच्या गावची वाघिन". आधी मला 'वाघिन'मधला चुकलेला 'न' दिसला. मग साडीचा काठ दिसला. वहिनी.
"काऊन गा, तुह्या गावची हाय का?"
नाही म्हणालो. एक स्क्रू हरवला. शेठ बोलले. परतीच्या एसटीत जो तो मोबाईलमध्ये पाहून हसतो आहे असे वाटले.

५ एप्रिल
चेहरा दिसत नाही, हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगतो. ओळखीच्याला दिसतो.
कॅ.मधून व्हिडिओ कोणी बाहेर काढला, ग्रु.वर विचारले. एकाने अंगठा पाठवला. त्या अंगठ्याचा अर्थ काय?
व्हिडिओ काढून टाका म्हणून त्या ॲपकडे तक्रार केली. उत्तर आले, नियमात बसतो. खाली हसणारे लोक कुठले कुठले आहेत. त्यांनी मोह पाहिलासुद्धा नसेल.

६ एप्रिल
दादाचा फोन. मिरची तोडायला तेलंगणात आहे. आधी आईचे गुडघे विचारले. मग,
"ते व्हिडिओ पाह्यला का तू?"
"कोणता?"
"इथी समदे पाहून राह्यले. मीबी हासलो ना बे त्याईच्यासंग."
मागे ट्रकचा आवाज.
"साडी मीच घेतली होती. वरोऱ्याच्या बाजारातून."
वहिनीला फोन देऊ का विचारले. नको म्हणाला.

८ एप्रिल
वहिनीला कळलेच. कोणी सांगितले, ती बोलत नाही. कॅ.ची वाट ओस. बाया आता नाल्याच्या वाटेने जातात. घरी संडास आहे, पण उन्हाळ्यात त्यात ओतायला पाणी कुठून?
आधी घोळक्याने जायच्या, मोठमोठ्याने बोलत, एकमेकींच्या सासवांच्या नकला करत. आई म्हणते, आपला आवाज वाघाला आपल्याआधी पोचला पाहिजे. आता जी ती एकेकटी जाते, तोंड मिटून, कोणाला दिसू नये म्हणून. आणि मोह वेचताना माणूस वाकलेले असते. वाकलेले माणूस वाघाला जनावरासारखे दिसते.
भोंगा शांत. ग्रु.वर रोज येते, "सर्व सुरक्षित".

९ एप्रिल
नाल्याच्या रेतीत पंजे. कडा ढासळलेल्या नव्हत्या, म्हणजे ताजे. शेजारीच टोपली टेकल्याची गोल खूण.
घरी येऊन सांगितले. वहिनी चूल फुंकत होती.
"वाघ खाईन तं एकदाच खाईन, भाऊजी. तो मोबाईलमंधी नाई टाकत."
आई ओरडली, "बस कर वो! तोंडाले काई येते का?"
म्हणालो, जुन्याच वाटेने जा, मी सकाळी कॅ.वर फडके टाकतो.
"अन् काढान कवा, ते तुमालेच मालूम."
माझ्याकडे न बघता म्हणाली.
पंजाशेजारी काडेपेटी ठेवून काढलेला फोटो ग्रु.वर टाकला. जागा, दिशा, सगळे नीट लिहिले. एवढे तरी करावे. वनखात्याच्या गार्डभाऊंचे उत्तर आले, शाब्बास.

१३ एप्रिल
नाल्यावर गाडी उभी. नव्या कॅ.चा खांब.
गार्डभाऊंनी पाठ थोपटली. "तुह्या फोटोनंच झालं पोरा. वरतून लगेच मंजूर."
"इथून बाया जातात," एवढेच म्हणता आले.
"मंग तं बरंच झालं ना. त्याईच्यासाठीच तं हाय."
त्यांचे म्हणणे चूक नव्हते. व्हिडिओचे मी सांगितले नाही. ही काचही मीच पुसायची. येताना वहिनी बांधावर उभी दिसली. खांबाकडे बघत होती, मग माझ्याकडे.

१६ एप्रिल
दोन्ही कॅ.मध्ये बाई नाही. रानडुक्कर, लांडोर, पुन्हा रानडुक्कर. तरी अंगणात मोह वाळतो आहे. म्हणजे तिसरी वाट आहे, आणखी आतून.
वहिनीला विचारले, कुठून जाता?
"तुमाले कायले सांगू? तुमच्या खिशात तेच तं हाय."
फोन काढून तिच्यापुढे जमिनीवर ठेवला. तिने तो पालथा केला आणि मोह चाळत बसली.

१७ एप्रिल
ऊन ओट्यावर आले. बाकीच्या बाया परतल्या, एकेक, वेगवेगळ्या बाजूंनी. वहिनी नाही. कोणालाच ठाऊक नाही, कारण आता कोणी कोणासंग जात नाही.
फोनवर दोन्ही कॅ.चे दिवे हिरवे. सर्व सुरक्षित.
काठी घेतली, वाजवायला पत्र्याचा डबा घेतला. आई दारातून म्हणते, "हाक मार ना रे तिले."
कोणत्या दिशेला तोंड करून मारू?