माझी रिकामी ओटी

जानेफळ, सोमवार, १० नोव्हेंबर २००८

आज ओटी रिकामी! आमच्या यांच्या डोळ्यांचा पडदा झिजतोय, कडेचं दिसत नाही. बीटीचा कापूस वेचताना डावीकडची बोंडं राहतात, ती मी मागून गुपचूप वेचून ओटीत टाकते. आज अख्ख्या तासात, या बांधापासून त्या बांधापर्यंतच्या ओळीत, एकही बोंड मागे राहिलं नाही.

दवाखान्यात यांच्यावर डोळ्यांसाठीच्या नव्या, फॉस्फोलिपिडच्या गोळ्यांची चाचणी चालू आहे. यांना खरी गोळी मिळते की नुसती दाखवायची, डॉक्टरांनाही ठाऊक नाही. मग हा गोळीचा गुण, की मान वळवून पाहत होते?

तेवढ्यात समोर बघतच म्हणाले, “काऊन व, ओटी रिकामीच?”

मी यांच्या डाव्या हाताला, अगदी कडेला उभी होते.