किटली एकदाच धुवायची

मंगळवार
डेअरीतून दूध परत. साबन निघाला त्यात. डेअरीवाला सगळ्यांपुढं ह्यांना म्हनला, "तात्या, भेसळ कवापास्नं?" हे घरी आले ते सुनेवरच. "मनीषा, किटली धुवायची तरी अक्कल हाय का?" किटली मीच धुते. मनीषानं खाली बघून ऐकून घेतलं. मी भाकरी थापत बसले. लाज न्हाई मला.

बुधवार
पहाटंपास्नं पुन्हा तेच. शेनात हात घालते, गोचीड काढते, काय वाटत न्हाई. किटलीच्या आत बघितलं की मनात येतं, कायतरी ऱ्हायलंय, दूध कुनाच्या तान्ह्याला जाईल, पोर दगावंल. मग साबनाची पावडर. मग पानी. पुन्हा पावडर. काल डेअरी बंद व्हायची येळ झाली, पावडरीवरच दूध ओतलं. म्हंजी मीच पोरांना साबन पाजनार. शानी.
हात फाटलेत. गाय सडाला हात लावू देत न्हाई, लाथ झाडती.

शुक्रवार
नळावर किटली पुन्हा पुन्हा धुताना मनीषानं धरलं. "आत्या, द्या इकडं." खेकसले तिच्यावर. ती म्हनली, मला पयल्यापास्नं माहीत हाय.
मग शिव्या कशाला खाल्ल्या?
"लोक तुमाला येडी म्हनले असते. त्यापरीस मी आळशी बरी."
तोंड कुठं लपवू.

सोमवार
मनीषा नगरला घेऊन गेली. घरी सांगितलं, गुडघा दाखवायचा. डॉक्टरीन पोरीच्या वयाची. काय होतंय म्हनली, तर मी तिलाबी गुडघाच सांगितला. मनीषा फसकन हसली. मग खाली बघून सांगितलं सगळं. "काकू, हा आजार आहे. बऱ्याच जणींना असतो." गोळ्या दिल्या. किटली एकदाच धुवायची, मनीषाकडं द्यायची. मनात येईल ते येऊ द्यायचं. सांगायला तिचं काय जातंय.

गुरवार
एकदा धुतली. मनीषानं उचलली. हात पदरात गुंडाळून गोठ्यात बसले. "आत्या, गायीकडं बघा, किटलीकडं नका." दूध परत आलं न्हाई. तरी दिवसभर शेजारचं पोर रडलं की धस्स.

रविवार
दुपारी जेवताना हे मनीषाला, "आता बरी धुती. बोलल्याबिगर अक्कल येत न्हाई." ती वाढत ऱ्हायली. माझ्या तोंडून गेलं, "तवा मीच धुतली हुती."
"म्हंजी?"
"जेवा आधी."
जेवले. ओट्यावर बसलेत, माझी वाट बघत. किटली तिथंच उपडी. मनीषा म्हनली, येऊ का संगं? न्हाई म्हनले. दारापर्यंत जाऊन परत आले.
आता मनीषाला संगं ये म्हनावं...