गज चार बोटं वर राहिला

बाबा, काल तुमची बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली आणि ती भरलेली निघाली. म्हणून हे लिहिते आहे. भाऊ उन्हाळ्यात गेला. परवाना त्याच्या नावावर होता आणि मुलांना बंदूक नको होती, तेव्हा ती पोचवायचं काम माझ्याकडे आलं. तुमच्यानंतर ती घरात भरलेलीच टांगलेली होती, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं का, हा प्रश्न कालपासून मला बसू देत नाही.

झरी जामणीच्या जंगलाला लागून आपलं वावर. डुकरांसाठी घेतलेली ती भरमार, तोंडातून भरायची बंदूक. पण वैद्यानं मात्रा बसवावी तशी तुम्ही तिच्यावर मेहनत घेतलीत. बाभळीला गोवरी टांगलेली, तुम्ही बांधाला टेकलेले. पितळी मापानं दारू, मग चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी, गजानं सावकाश दाबलेली. बार उडाला की मी धावत जाऊन जळकी चिंधी हुडकून आणायची. ती तळहातावर पसरून तुम्ही बघायचात. फाटली असली तर कापड बदला. खादी जाड पडली, पॉपलिन जळून जायचं. शेवटी आईच्या विटक्या निळ्या लुगड्याचं कापड तुम्हाला पटलं, आणि गोळ्या गोवरीच्या मधोमध जाऊ लागल्या. एकदा मी माप शिगोशीग भरलं. तुम्ही ते पालथं केलंत. "जोर कायले पाह्यजे तुले? काल भरलं तसंच आज भर. नेम तिथून येते." पुढे मी शाळेत विज्ञान शिकवलं, मुख्याध्यापिका झाले, तेव्हा प्रयोगशाळेत मुलांना हेच सांगत आले.

आणि दुसरा नियम. भरलेली बंदूक गावात आणायची नाही. घरी येताना शेवटच्या बांधाच्या मातीत बार उडवून ती रिकामी करायची. मी एकदा कौतुकानं ती तशीच तुळशीपर्यंत घेऊन आले, तेव्हा तुम्ही मला थप्पड मारलीत. आयुष्यात ती एकच. तुमच्या बाराचा आवाज आला की आई तवा चुलीवर ठेवायची. शेजारीण ओरडायची, "आले वो तुमचे, टाका भाकर!"

तुम्ही गेलात त्या दिवशी मी यवतमाळला होते. दुसऱ्या दिवशी पोचते तर आई भिंतीला टेकून बसलेली, आणि एकच बोलणं. "आवाज नाई आला पोरी. मी तवा ठेवलाच नाई. आले, पाणी दे म्हणले, अन् आडवे झाले." तुमच्या सदऱ्याच्या खिशातून निघालेली, घोड्याखाली बसवायची तांब्याची इवलीशी टोपी, जिच्या ठिणगीनं बार उडतो, ती मला दाखवत होती. मला ते दुःखातलं बोलणं वाटलं. बंदूक भावानं खुंटीला टांगली होती.

मग दरवर्षी दसरा. बंदूक खाली उतरायची, हळदकुंकू, झेंडूची माळ. पोरं तिला धरून फोटो काढायची. एका दसऱ्याला भाचीनं घोड्याखाली दिवाळीची टिकली ठेवून माझ्यावर नेम धरला. "आत्या, हात वर!" टिकली फट्कन वाजली, सगळे हसले. मीही हसले. आत दारू दमट झाली होती, एवढ्यावर मी आज जिवंत आहे.

काल ठाण्यातला शिपाई माझाच जुना विद्यार्थी निघाला. त्यानं बंदूक टेबलावर घेतली, घोडा मागे ओढला. नळीसमोर बाकावर एक बाई लेकरू घेऊन बसलेली.

"घोडा सोडू नको," मी म्हणाले. "हळूच खाली आण. नळी वर कर. आधी गज टाक."

"अवो बाई, दर निवडणुकीले तुमचे भाऊ जमा करतच होते न इथं. रिकामीच आहे. तुमचं दटावणं काई सुटलं नाई."

"गज टाक म्हटलं ना."

नळी रिकामी असली की गज कुठवर आत जातो, तिथे तुम्ही गजावर खाच पाडलेली. त्यानं गज सोडला. खाच चार बोटं वर राहिली. तो हसायचा थांबला. "माय वो! बाई, हे त भरेल हाय." बाकावरची बाई न सांगता उठून बाहेर गेली.

शस्त्रांचा कारागीर येईपर्यंत मी तिथेच बसून तुमच्यावर रागावत होते. मला थप्पड मारलीत आणि स्वतः भरलेली बंदूक घरात घेऊन आलात. मग वाटलं, भावानं भरली असेल. तसंच असावं, असं वाटत होतं. कारागिरानं अंगणात नळीत पाणी ओतलं, मग स्क्रू घालून गोळी ओढली. गोळीसोबत कापड आलं. काळपट झालेलं, पण घडीत निळं. कापड गोल कातरलेलं, गोळी बरोबर मधोमध. भावाला कधी असं भरता आलं नाही.

म्हणजे तुम्हीच. बांधापर्यंत जायचं बळ उरलं नसेल. पण टोपी काढून खिशात ठेवण्याएवढं भान होतं. जमलं तेवढं तुम्ही केलंत, आणि उरलेलं, बार आतच राहिला हे, आई आम्हाला सांगत होती.

पावतीवर लिहिलं आहे: भरमार बंदूक एक, गज एक, परवाना एक, नळीतून काढलेली गोळी एक, दारू भिजवून नष्ट केली. वाचून सही केली. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून सांगते. चिंधी पावतीवर नाही. ती माझ्या चष्म्याच्या डबीत आहे.