वीरभद्र गुहेच्या तोंडाशी उभा आहे

नवेगाव बांध

प्रिय हिमांशु,

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. आजकाल कोणी पत्र लिहितं का, असं म्हणशील. पण करू काय? फोनवर मी ‘तुझे बाबा’ एवढं म्हटलं की तुझ्याकडचं नेटवर्क जातं. पुण्यात राहून नेटवर्क जातं! मेसेज केला तर नुसता अंगठा येतो. पत्र मध्येच कट करता येत नाही, म्हणून गुमान वाच.

आधी माझी तक्रार ऐक. गाव सोडताना तू मोठ्या मनानं मला तुझा जुना लॅपटॉप दिलास आणि त्यात विंडोज काढून लिनक्स टाकून दिलंस. म्हणालास, “यात व्हायरस येत नाही.” खरं बोललास बाबा. दुसरंही काही येत नाही. माझ्या दुकानातली झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांची कामं मी कशीबशी निभावते. पण दिवाळीत योगराज आला होता चिचगडहून, आणि आठवण काढता काढता म्हणाला की आपला फाशांचा खेळ पुन्हा सुरू करू. आठवतं ना? तुमच्या पडवीत युरियाचं पोतं उलटं करून त्यावर मार्करनं काढलेला नकाशा, सैनिकांच्या जागी चिंचोके, मी सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची आणि तुम्ही तिघांनी आपापलं पात्र होऊन तिच्यात शिरायचं. तुझा वीरभद्र, योगराजचा जादूगार, पुष्पांजलीची धनुर्धारी. तू गेलास त्या दिवशी वीरभद्र ड्रॅगनच्या गुहेच्या तोंडाशी उभा होता. आता योगराज जंगलखात्यात, पुष्पांजली नागपुरात नर्स, म्हणजे पोतं काही कामाचं नाही. कॉम्प्युटरवर नकाशा पसरून सगळ्यांना दाखवेल असं सॉफ्टवेअर पाहिजे. मी म्हटलं, त्यात काय, शोधते.

शोधते म्हटलं आणि नाकी नऊ आले. जे सापडे ते विंडोजचं. लिनक्सवाल्यांच्या एका मंडळात विचारलं, तर कुठल्या तरी थंड देशातल्या सज्जनानं फार प्रेमानं उत्तर दिलं की कोड मोफत आहे, प्रोग्राम तुम्हीच तयार करून घ्या. म्हणजे पोळी मागितली तर गव्हाचं पोतं दिलं. तेही करायला बसले. त्या काळ्या पडद्यावर पासवर्ड टाकते तर अक्षरच उमटेना. मी कीबोर्ड उलटा करून झटकला, त्यातून तुझ्या काळातले मुरमुरे पडले, अक्षर काही पडलं नाही. पुढे कळलं की लिनक्समध्ये पासवर्ड टाकताना काहीच दिसत नसतं. हे जाताना सांगायला काय झालं होतं रे तुला? मग विंडोजचं सोंग घेणारा एक प्रोग्राम सापडला. त्यात नकाशा उघडला, पण मराठी नावांचे चौकोन झाले. शेवटी जे चाललं ते अगदी सोपं निघालं. प्रोग्राम माझ्या एकटीच्या लॅपटॉपवर चालतो आणि बाकीचे आपापल्या मोबाइलच्या ब्राउझरमधून त्यात येतात. मी आनंदानं ओरडले, तेव्हा दुकानात तुझे बाबा सातबारा काढायला उभे होते.

आता नेटवर्क घालवू नकोस. पुढे वाच.

काकांनी पडद्यावर वाकून पाहिलं. पोत्यावर वीरभद्राच्या जागी तू खोट्या मिशा चिकटवलेला तुझाच फोटो ठेवायचास ना, तोच मी नकाशावरही लावला होता. काका म्हणाले, “हा आमचा पोरगा इथं काऊन उभा हाये?” मी म्हटलं, त्याला चालवणारं कोणी नाही, म्हणून उभा आहे. काकांनी पुन्हा एकदा तो फोटो निरखला. मग सातबारा घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, “मंग मी चालवतो.”

हिमांशु, त्या खळ्यावरच्या भांडणात तू म्हणालास, मला चिखलात जन्म काढायचा नाही. काका म्हणाले, मग तोंड दाखवू नको. दोन वर्षं झाली, दोघंही शब्दाला असे जागलात की हरिश्चंद्रानं तोंडात बोट घालावं. मधल्या मध्ये काकू दोघांचे निरोप वाहून वाहून दमल्या. म्हणून मी काकांना नाही म्हणू शकले नाही.

धान कापून झाले होते, रविवार मोकळे होते. पहिल्याच रविवारी मी नकाशा पसरला आणि आवाज बदलून म्हटलं, समोर गुहा, आत आग ओकणारा ड्रॅगन, वीरभद्र काय करतो? काकांनी चष्मा पुसला आणि विचारलं, “पानी कोठून येते?” शोभेला म्हणून एक नाला काढला होता मी. झालं! पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्या तुम्हा कोहळ्यांना दोन टेकड्यांमधली रिकामी जागा दिसली की हात शिवशिवतात. लढाई राहिली बाजूला, काकांनी बांध घालायला घेतला. पुष्पांजलीची धनुर्धारी धनुष्य ठेवून घमेली वाहू लागली. योगराज बिचारा नेटवर्कसाठी टेकडीवर चढून बसतो, तो तिथून ओरडे, “काका, मी जादूगार हावो, माती कायले वाहू?” काका त्याला पाटाचा उतार समजावून सांगत. आणि वीरभद्र कुठे? सगळ्यांच्या मागे, गुहेजवळच्या मोहाच्या सावलीत. मोहाचं झाड काकांनी माझ्याकडून मुद्दाम काढून घेतलं. आपल्या टोळीतला सगळ्यात शूर गडी असा बसवून ठेवलाय की सासुरवाडीला आलेला जावई बरा.

पण बांध पुरा करायच्या घाईत काका जादा पाणी बाहेर सोडायचा सांडवाच विसरले. कोहळी माणूस सांडवा विसरला, हे गावात कोणाला सांगू नकोस, वाळीत टाकतील त्यांना. सूत्रधार म्हणून मला पाणी चढवावं लागलं. बांध फुटला, योगराजचा जादूगार वाहून गेला. काकांना इतकं लागलं की दुसऱ्या दिवशी त्यांनी योगराजला फोन केला, “बापू, तू माह्यामुळं मेला, माफ कर.” योगराजचा स्पीकर चालू होता आणि समोर साहेब बसले होते.

खरी पंचाईत पुढे झाली. ते पाणी गुहेत शिरलं आणि ड्रॅगन बाहेर आला, थेट वीरभद्रापुढे. काकांनी तरी तोड काढली. म्हणाले, “त्यालेबी पान्याची पाळी देऊ, मंग कायले जाळंल गाव?” आजवर असा तह कोणी सुचवला नव्हता. मी म्हटलं, ठीक आहे, पण बटण दाबून वीस बाजूंचा फासा टाकावा लागेल. दहा किंवा वर आला तर ड्रॅगन ऐकेल, खाली आला तर वीरभद्राची राख. काकांनी बटणावर बोट नेलं आणि मागे घेतलं. पुन्हा नेलं, पुन्हा मागे. मग उठलेच. म्हणाले, “मी नाही टाकत. मी याले एकदा घालवला, आता डबल नाही.” डोळे पुसायला त्यांनी माझाच स्क्रीन पुसायचा फडका घेतला.

तेव्हापासून खेळ थांबला आहे. काका रोज बाजाराला जाताना दुकानात डोकावतात. “उभा हाये ना?” मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवते, उभा आहे काका, म्हणते, आणि ते निघून जातात. मी प्रोग्रामच्या नव्या आवृत्त्यासुद्धा टाकत नाही, न जाणो काही पुसलं गेलं तर!

आता पत्राचं कारण सांगते. हा प्रोग्राम पुण्यातूनही उघडतो. तुला लिंक पाठवली तर बसल्या जागी फासा टाकशील. पण ती मी पाठवणार नाही. काल काकू सांगत होत्या, काकांनी सागाच्या तुकड्याचा एक फासा कोरून टीव्हीवर ठेवला आहे. वीस बाजू करायच्या होत्या, एकोणीसच जमल्या, आणि दिसतो तो सुकलेल्या आवळ्यासारखा. काकूंनी विचारलं, हा कोणासाठी? तर म्हणाले, “ज्याचा डाव हाये त्याच्यासाठी.” हिमांशु, त्यांना तू हवा आहेस आणि ते तुला तसं कधीही म्हणणार नाहीत, म्हणून मी म्हणते आहे. रविवारी ये. सौंदडला उतर, मी गाडी घेऊन येते. घरात शिरताना काही बोलू नकोस, टीव्हीवरचा फासा उचल आणि बाबांच्या समोर टाक. कितीही पडू दे. सूत्रधार मी आहे, मला दहाच दिसणार आहेत.

तुझीच,
नीतू
(आणि वाहून गेलेल्या योगराजच्या वतीनेही)