मी निवडलेला हाय का?

रविवार, संध्याकाळ. दौंड.

आज आमच्या ख्रिस्ती देवळातच, प्रभुभोजनाची भाकर वाटायच्या आधी, रिटायर रेल्वे गार्ड आप्पा आन् तळेगावचे मामा यांची जुंपली. आप्पा म्हणाले, देवानं तारायची माणसं जन्माआधीच निवडलीत. मामा म्हणाले, "म्हंजी बाकीच्यांना नुसतं बाकावर बसायला बोलावलंय व्हय?" सगळे हसले. मला हसू आलं न्हाई.

मी मधेच विचारलं, "आप्पा, मी निवडलेला हाय का?"

आप्पा गप्प. का गप्प? मी कुठंच टिकत न्हाई म्हणून? भांडगावच्या ढाब्यावरचं काम सोडलं तेही त्यांना कळलं असेल. तिथला चहा मात्र झकास होता. पण गप्प का?

आमच्यात भांडण मिटल्याशिवाय प्रभूच्या भाकरीला हात लावत न्हाईत. दोघंही मागं सरले. माझ्या प्रश्नामुळं देवळातली मंडळी फुटणार, या भीतीनं मीही जायला उठलो.

"तू का उठलास?" आप्पा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसलात म्हणून."

आप्पांचा चेहरा उतरला. "अरे, मला माझंच ठाऊक न्हाई."

मामांनी त्यांचा हात धरला. "मलाबी भ्या वाटतं, आप्पा. चला."

मला मधे घेऊन दोघं पुढं गेले. मत कुणाचंच बदललं न्हाई. मी भाकर घेतली. अजून भीती हाय. पण ती एकट्याची न्हाई.