परवानाधारकाने दाराबाहेर थांबावे

डोंबिवली (पूर्व),
शुक्रवार, दुपार

प्रिय स्वानंदभावोजी यांस,

उत्तरावहिनीचे आशीर्वाद. (वयाने तुम्ही माझ्याहून दीड वर्षाने मोठे, पण नात्याने मी थोरली, तेव्हा आशीर्वाद मीच द्यायचे.) तुमच्या गुडघ्याला त्या नव्या तेलाने उतार पडला का ते कळवावे. देवयानीची किसणी तेराव्याच्या गडबडीत इथेच राहिली, ती धुऊन वेगळी ठेवली आहे. माझी तब्येत बरी आहे. झोप लागते. एका माणसाचा भात लावायला मात्र अजून जमत नाही, रोज उरतो आणि दुसऱ्या दिवशी फोडणीचा करून खाते. तो आवडतो, त्यामुळे तक्रार नाही.

तुम्हाला तिकडे ठाण्याला फोन लावणं सोपं आहे हे मला कळतं. पण फोनवर तुम्ही मध्येच धीर देऊ लागता आणि सांगायची गोष्ट राहून जाते. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येत नाही.

गोष्ट ह्यांच्या रिव्हॉल्व्हरची आहे. तुम्हाला बरीचशी माहीत आहे, तरी क्रमाने लिहिते. हे कल्याणच्या सराफी पेढीवर होते तेव्हा मुंबईहून दागिने आणायचं काम ह्यांच्याकडे असे, म्हणून मालकांनी ह्यांच्या नावे परवाना काढायला लावला. रिव्हॉल्व्हर आलं, सोबत सहा गोळ्या आल्या. त्या सहाच्या सहा तशाच राहिल्या. निवृत्तीनंतर मी म्हटलं, आता जमा करून टाका. त्यावर ह्यांचं म्हणणं, घरात ठेवलं आणि चोरीला गेलं तर जबाब कोण देणार, त्यापेक्षा कमरेला असलेलं बरं. म्हणून हे बाहेर पडताना बुशशर्टाच्या आत कमरेला काहीतरी फुगलेलं असे. दळण आणायला जातानाही असे. (गिरणीवाल्याला ते हर्नियाचं वाटत होतं. त्याने मला एकदा डॉक्टरचं नावही सुचवलं.)

यामुळे आमची सगळी खरेदी मी एकटीने केली. तुमच्या दादांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, लपवणं जमायचं नाही. कोणत्याही मोठ्या दुकानाच्या दारात थांबून हे हळू आवाजात पहारेकऱ्याला सांगत, "माझ्याकडे परवान्याचं शस्त्र आहे." तो बिचारा दोन पावलं मागे जाई. मग मी आत आणि हे बाहेर. ह्यांचे शर्टसुद्धा मीच अंदाजाने आणायचे. अंगाला चाळीस नंबर बसे, पण रिव्हॉल्व्हर झाकायला सैल हवा म्हणून बेचाळीस.

कल्याणला आपल्या जुन्या घराच्या वाटेवर कपड्यांचं दोन मजली दुकान झालं आहे, ते तुम्ही पाहिलं असेल. त्याच्या दारावर सूचनांची पाटी आहे. बाहेरचे खाद्यपदार्थ, पाळीव प्राणी, हेल्मेट आणि शस्त्रे आत आणू नयेत, असं पूर्वी लिहिलेलं होतं. ह्यांनी व्यवस्थापकांना अर्ज दिला की शस्त्र म्हणजे सुरीही होते आणि परवान्याचं पिस्तूलही होतं, आपलं धोरण नेमकं काय ते लिहावं. उत्तर आलं नाही म्हणून दुसरा दिला. तिसऱ्या अर्जानंतर पाटी बदलली. आता त्यावर कंसात आहे, "परवाना असलेली शस्त्रेसुद्धा. परवानाधारकाने शस्त्रासह दाराबाहेर थांबावे." हे फार खूश झाले. मी म्हटलं, अहो, निकाल तुमच्याविरुद्ध गेला. तर म्हणाले, "गेला, पण लेखी मिळाला." त्यानंतर आम्ही त्याच दुकानात जाऊ लागलो. मी आत खरेदी करी आणि हे बाहेर आपल्या ओळीखाली उभे राहत.

ह्यांच्या मागे ते रिव्हॉल्व्हर पोलिसांकडे जमा करायला हवं होतं. आपली लेक उर्वी बंगळूरला परत जाताना मला तीनदा बजावून गेली. कपाटाच्या वरच्या खणाची किल्ली ह्यांच्या जानव्याला असे, ती मिळाली आणि खण उघडला. रिव्हॉल्व्हर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं. वर्तमानपत्र चार वर्षांपूर्वीचं होतं. मला वाटलं, तोच कागद पुन्हा पुन्हा वापरत असतील, काटकसरी होते. परवान्यावर कल्याणचा पत्ता असल्यामुळे तिथल्याच पोलीस ठाण्यात जमा करायचं होतं. फोन केला तर हवालदार नीट बोलले. म्हणाले, गोळ्या वेगळ्या बांधा, कागदपत्रं आणा आणि गुरुवारी पाचच्या आत या, शुक्रवारपासून साहेब रजेवर आहेत.

आता गुरुवार हा दुकानात कपडा बदलून घ्यायचाही शेवटचा दिवस होता. हे जायच्या दोनच दिवस आधी मी तिथून ह्यांच्यासाठी एक शर्ट आणला होता. निळ्या रेघांचा. बेचाळीसच, पण हल्लीच्या अंगाला चिकटणाऱ्या शिवणीचा निघाला. घालून पाहिला, काखेत घट्ट झाला आणि कमरेला वर उचलला गेला. बदलायला मुदत तीस दिवस. पैसे परत देत नाहीत. मी ठरवलं, पोलिसांकडे जाताना वाटेत शर्ट द्यायचा आणि त्याच्या जागी पलंगपोस घ्यायचा.

रिव्हॉल्व्हर मी चिवड्याच्या चौकोनी डब्यात ठेवलं, गोळ्या वेलदोड्याच्या डबीत. डबा कापडी पिशवीत, डबी पर्समध्ये. रिक्षाने कल्याणला गेले. दुकानाच्या दारात धाकू म्हणून पहारेकरी आहे, खाडीकडच्या कोळीवाड्यातला, पन्नाशीचा. त्याने मला ओळखलं आणि विचारलं, "काकी, साहेब कुठं पार्किंगला रेंगाळले?" मी सांगितलं. त्याने टोपी काढली. मग नियमाप्रमाणे पिशवी पुढे करा म्हणाला, आणि मला ह्यांचंच वाक्य म्हणावं लागलं, की माझ्याकडे परवान्याचं शस्त्र आहे. दुसरं कसं सांगायचं मला माहीत नव्हतं.

धाकूने आतून योगिनी नावाच्या व्यवस्थापक मुलीला बोलावलं. चांगली मुलगी आहे, उर्वीच्या वयाची. ती म्हणाली, शस्त्र आत नेता येणार नाही. मी म्हटलं, बरोबर आहे. सामान ठेवायच्या खिडकीवर ठेवून टोकन देता का? तर तिथे मौल्यवान आणि धोकादायक वस्तू घेत नाहीत. पाटीप्रमाणे परवानाधारकाने शस्त्रासह बाहेर थांबायचं. तिने विचारलं, परवानाधारक कोण? मी ह्यांचं नाव सांगितलं. ते कुठे आहेत? मी पिशवीतून परवान्याचं पुस्तक काढून ह्यांचा फोटो दाखवला आणि मृत्यूचा दाखला दाखवला. ती खुर्चीवर बसली. (खुर्ची धाकूची होती.)

मी म्हटलं, राहू दे, मी जाते. साडेतीन वाजले होते आणि पाचच्या आत ठाण्यात पोचायचं होतं. पण तिला माझी दया आली असावी. तिने मुख्य कार्यालयाला फोन लावला. तिथल्या माणसाने तिला सगळं धोरण वाचून दाखवलं. त्यात परवानाधारक दारू प्यायलेला असल्यास काय करावं हे होतं, गणवेशात असल्यास काय करावं हे होतं, वारलेला असल्यास काय करावं हे नव्हतं. शेवटी तोडगा धाकूने काढला. त्याचं म्हणणं, पाटीवर परवानाधारकाने थांबावं एवढंच आहे, जिवंत थांबावं असं कुठे आहे? योगिनीने पाटी पुन्हा वाचली. मग डबा धाकूच्या खुर्चीवर ठेवला, त्यावर परवान्याचं पुस्तक फोटोचं पान उघडून ठेवलं, तोंड रस्त्याकडे, आणि धाकू शेजारी उभा राहिला. मी आत गेले. गोळ्यांची डबी पर्समध्येच राहिली हे मला दुसऱ्या मजल्यावर आठवलं. मी कोणाला सांगितलं नाही.

बदलून देणाऱ्या मुलीने शर्ट उलगडला आणि विचारलं, काय अडचण आहे? मी म्हटलं, काखेत घट्ट होतो आणि कमरेला वर उचलला जातो. तिने आतून चव्वेचाळीस आणला, कंबर सैल आहे का बघा म्हणाली. मी बघितली. सैल होती, आत सहज मावलं असतं. मी छान म्हटलं, सही केली आणि खाली आले. पलंगपोसाची आठवण मला दारात आली.

बाहेर येऊन मी डबा घेतला आणि सवयीने शर्टाची पिशवी पुढे केली. ती धाकूने धरली. मी त्याला म्हटलं, इतकी वर्षं ह्यांना या वस्तूपायी उन्हात उभं राहावं लागलं. त्यावर त्याने सांगून टाकलं.

"काकी, आता सांगतो, रागावू नका. साहेबांच्या कमरेला कसली बंदूक? चष्म्याचं घर असायचं ते. मला काढून दाखवलंय."

मला ते चार वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्र आठवलं. धाकूला वाटलं मी रागावले, म्हणून त्याने पुढचंही सांगितलं. ह्यांनी त्याला म्हटलं होतं, "मी आत असलो की ती पहिला हाताला येईल तो कपडा उचलते आणि चला म्हणते. बाहेर असलो की सगळं बघते."

हे खरं आहे, भावोजी. मी तसं करते.

साडेचारला ठाण्यात पोचले. हवालदारांनी गोळ्या मोजल्या, सहा भरल्या. "एकही नाही झाडली?" म्हणाले. मी नाही म्हटलं. पावती मिळाली आहे. ती तुम्ही एकदा वाचून बघावी.

बाकी सर्व ठीक. देवयानीला आशीर्वाद सांगावे.

तुमची,
उत्तरावहिनी

ता. क. १ – वेलदोड्याची डबी परत मिळाली नाही. पंचनाम्यात तिची नोंद "स्टीलची लहान डबी, वेलचीचा वास येत असलेली" अशी झाली आहे. ती सोडवायचा अर्ज ह्यांनी छान लिहिला असता. वेलदोडे सध्या कागदात आहेत.

ता. क. २ – चव्वेचाळीस नंबरचा तो शर्ट घरात कोणाच्याच मापाचा नाही. तुम्हाला बसेल. कमरेला शस्त्र नसतानाही बसेल, असं तेराव्याला पंगतीत तुम्हाला बघून वाटलं होतं. न्यायला या.

ता. क. ३ – वरचं सगळं नाही वाचलंत तरी चालेल, एवढं वाचा. शर्ट न्यायला याल तेव्हा तासभर वेळ काढून या, पलंगपोस घ्यायचा राहिला आहे. तुम्ही आत यायची गरज नाही. बाहेर पाटीखाली उभे राहा. धाकू खुर्ची देतो. कारण काय सांगायचं असा प्रश्न पडला, तर ह्यांचं चष्म्याचं घर मी सोबत घेईन.