उरलेला फायरमन

आबाजी, तुम्ही मला अर्धीच गोष्ट सांगून गेलात, आणि त्या अर्ध्या गोष्टीपायी मी इथं हैदराबादेत शिव्या खाऊन राहिलो. मी आता छोट्या प्रतिकृती बनवण्याच्या कारखान्यात आहे. बिल्डरच्या बिल्डिंगा, पूल, धरणं, सगळं टेबलावर मावेल एवढं. नववीत शाळा सोडली तेव्हा आई म्हणाली होती, "आता काय करशीन? खेळणे बनवशीन का?" तेच करतो. आता एका हौशी शेठची ऑर्डर आली आहे. छोट्या लाइनवरचं, म्हणजे नॅरोगेजचं स्टेशन, कोळशाचं इंजिन थंड होऊन बाजूच्या रुळावर उभं, आणि फलाटाला पहिलं डिझेल लागलेलं. माझा आजा त्या लाइनवर इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन होता, हे काम मलाच द्या, असं मी छाती फुगवून सांगितलं. तिथंच फसलो.

कोळशाची बाजू मी डोळे मिटून केली. ती तुम्ही मला चुलीपाशी शिकवली होती. आजी भात मांडायची आणि तुम्ही बाजूला उकिडवे बसून तिच्या हातातलं लाकूड ओढायचे. "मधात ढिगारा नोको करू, कोपऱ्यात टाक, पातळ जाळ पाह्यजे." आजी फुंकणी उगारायची. "माह्या चुलीले इंजिन नोका समजू. भात शिजवाचा हाय, गोंदियाले नाही न्याचा!" तुम्ही हसत हसत उठायचे आणि थोड्या वेळानं पुन्हा तिथंच. पण मी विचारलं, "मंग डिझेल आलं तवा तुमी काय केलं?" तर तुमचं हसणं थांबे. "काय करीन? आलं." एवढं बोलून तंबाखूचा खर्रा गालात धरायचे, आणि खर्रा गालात गेला की तुमच्याशी बोलणं संपलं. असं काहून करत होते? एकदा तरी सांगायचं होतं.

तान्ह्या पोळ्याला सगळ्या पोरांचे लाकडी नंदी होते. तुम्ही माझ्यासाठी लाकडाचं इंजिन बनवलं, त्याला धुराडं, त्याला चाकं, आणि चाकांना जोडणारा दांडाही हलणारा. मी ते दोरीनं ओढत नेलं. पोरं मागं लागली, "हा कोणता नंदी बाप्पा? याले शेपूट कुठी हाय?" घरोघर बोजारा मागायला गेलो तर एका काकूनं सगळ्यांना पैसे दिले आणि मला म्हणाली, "तुले काय देऊ, कोळसा?" घरी येऊन मी रडलो. नंदी नव्हता म्हणून नाही, तर "मले डिझेल पाह्यजे होता" म्हणून. मी कोळशाचं इंजिन कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या जन्माआधीच ते गेलं होतं. तुम्ही एवढे चिडले की आजी मधात आली. तुम्ही ओरडत होते, "डिझेल म्हणजे डब्बा! डब्ब्याले कोणी ओवाळते का?"

तर आता ऐका, माझं अडलं कुठं. कोळशाच्या इंजिनावर माणसं तीन. तुम्हीच सांगितलं होतं, ड्रायव्हर, मोठा फायरमन आणि तुम्ही. डिझेलला लागतात दोन. ड्रायव्हर चढला, मोठा फायरमन त्याचा असिस्टंट झाला. माझ्या हातात एक माणूस उरला, करंगळीच्या नखाएवढा, हातात फावडं. त्याला कुठं उभा करू? थंड इंजिनावर ठेवला तर तो तिथं काय करतो? फलाटावर ठेवला तर प्रवासी वाटतो. सुपरवायझर येऊन म्हणतो, "इसकू निकाल देना रे, फालतू दिखरा." मी म्हटलं, "फालतू नहीं है साहब." तर म्हणतो, "फिर किधर चिपकाता, बोल." बाबांना फोन केला. ते म्हणाले, "शेडमधी डिझेल पुसाले लावलं होतं त्याहिले, रिटायर होईपर्यंत. घरी बोलत नोहते." बस, एवढंच. फावडं सोडून फडकं घ्यायला सांगितलं तेव्हा तुम्ही काय म्हणाले? भांडले का? मुकाट्यानं घेतलं का? मला ते आत्ता पाहिजे आहे, आबाजी. कारण आमच्याकडेही थ्री-डी छपाईची मशीन आली आहे. चाकं, डबे, माणसं, सगळं ती छापते. मी पत्रा कापून जे करायचो ते संपलं. सुपरवायझर म्हणतो, "अब से छपा माल घिसना, पॉलिश मारना. नक्को बोलेतो घर जा." हो का नाही, ते सोमवारी सांगायचं आहे. आम्हा पोरांचं ठरलं आहे, त्या मशीनला कोणी चांगलं म्हणायचं नाही.

परवा गोंद लावता लावता सौंदडचं स्टेशन आठवलं. तुम्ही मला घेऊन मामाकडे निघाले आहात. लाइन मोठी झाली आहे, डिझेल येऊन थांबतं. मी संत्र्याची गोळी चोखत उभा. तुम्ही इंजिनापाशी जाता, खांद्यावरचा लाल दुपट्टा काढता आणि त्याच्या अंगावरचा नंबर पुसता. नीट, कोपऱ्याकोपऱ्यातून. वरून ड्रायव्हर ओरडतो, "ओ काका, काय करून राहिले?" मी पाहतो आहे हे दिसल्यावर तुम्ही दुपट्टा झटकता. "धूळ होती," म्हणता. घरी अंग पुसायच्या दुपट्ट्यानं, डब्ब्याला.

आज मी त्या माणसाच्या हातातलं फावडं ब्लेडनं कापलं. तिथं लाल धाग्याचा तुकडा लावला आणि त्याला डिझेलच्या नंबरापाशी चिकटवला, पाठ लोकांकडे. सुपरवायझर पाहील तेव्हा पाहील.

हे पत्र घरी धाडलं तर बाबा आईला मोठ्यानं वाचून दाखवतील, म्हणून धाडत नाही. तुम्हाला आवडलं होतं का ते डिझेल? आणि आवडलं म्हणूनच बोलत नव्हते का, बाकीच्या फायरमनांपुढं, आजीपुढं, माझ्यापुढं? मला माहीत नाही, आणि आता कळणारही नाही, याचाच राग येते. पण जेवणाच्या सुट्टीत सगळी पोरं बाहेर सावलीत बसतात, तेव्हा मी डबा घेऊन त्या मशीनच्या काचेपुढं बसतो. थरावर थर चढते, आणि पाहता पाहता चाक उभं राहते. भाजी थंड होते तरी उठवत नाही. मले आवडते ते, आबाजी. पोरांले नोका सांगू.